आधी विचारू या, ‘कुणी सांगितलं?’

(दहावीच्या 1998 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात तलवाडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी गेवराईहून येताना त्वरितादेवीचा डोंगर दिसला आणि हात आपोआप जोडले गेले. नंतर शाळेचे फाटक दिसले आणि उशीर झाला की काय म्हणून छातीत धडधडले. वय वाढले तरी ती धास्ती काही गेली नाही.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. गेली काही वर्षे शिक्षकांना तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देतो. संयोजकांनी सांगितले, ‘त्यावरच बोल, पण कंटाळा आणू नकोस.’ प्रयत्न करतो.

सुरुवात आठवीच्या वर्गापासून करतो. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार. गणपती दूध पितो, ही बातमी त्या दिवशी देशभर पसरली. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाईल नव्हता. एसटीडी बूथवर फोन आला आणि तासाभरात वाटी-चमचा घेऊन रांगा लागल्या. मीही रांगेत होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात छाती फुगवून सांगत होतो. विज्ञानाच्या सरांनी ऐकून घेतले. बाहेरून एक गुळगुळीत दगड मागवला, तो ओला केला, चमचाभर दुधात लाल शाईचे दोन थेंब टाकले आणि चमचा दगडाच्या कडेला टेकवला. दूध कमी झाले. दगड दूध प्यायला! पण दगडाच्या अंगावरून एक लाल ओघळ खाली उतरला होता. सरांनी पृष्ठताण समजावून सांगितला आणि म्हणाले, “देवाला नमस्कार करायला आडकाठी नाही. पण कुणी काही सांगितलं तर आधी विचारायचं, कुणी सांगितलं? त्यानं स्वतः बघितलं का?”

माहिती तपासायचे माझे पहिले प्रशिक्षण ते. खर्च किती? चमचाभर दूध.

पुढे डी.एड. केले, नोकरी लागली. एमकेसीएल 2001 मध्ये स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले. वेतनवाढ थांबेल या धास्तीने आम्ही शिक्षक पोरांच्या वयाच्या मुलांकडून माऊस धरायला शिकलो. काही शाळांना संगणक मिळाले. त्यांतल्या किती खोल्यांची कुलपे रोज उघडत होती, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. वीज आली तर इन्व्हर्टर बंद, इन्व्हर्टर चालला तर सर रजेवर. धूळ बसू नये म्हणून संगणकावर झाकलेले कापड मात्र दर शनिवारी धुतले जायचे.

2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि डिजिटल शाळांची लाट आली. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे तेच कोड बालभारतीच्या पुस्तकांवर आले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. 2017 पासून दीक्षा ॲप आले. मी हे सगळे शिक्षकांना शिकवत होतो. ॲप कसे घ्यायचे, कोड कसा स्कॅन करायचा, व्हिडिओ कसा दाखवायचा. शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. मला वाटायचे, आपण फार मोठे काम करतो आहोत.

आता एक कबुली देतो. ही गोष्ट मी फार ठिकाणी सांगितलेली नाही.

2018 चा जून महिना. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, सावध राहा, असा संदेश माझ्या फोनवर आला. सोबत एक व्हिडिओ होता. मी तो पूर्ण पाहिलासुद्धा नाही. ज्या शिक्षकांना मी प्रशिक्षण दिले होते त्यांच्या गटावर ढकलला आणि वर लिहिले, ‘पालकांपर्यंत पोहोचवा.’ तंत्रज्ञानाच्या सरांनी पाठवले म्हटल्यावर कोण शंका घेणार? पन्नासेक जणांनी अंगठे दाखवले.

1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे, पोटासाठी फिरणारे भिक्षुक. आपल्या गावात सुगीनंतर असेच लोक यायचे. माझी आजी त्यांना सुपातून जोंधळे घालायची आणि पोराबाळांची विचारपूस करायची.

माझा संदेश राईनपाड्यापर्यंत गेला नसेल. पण तो कुठवर गेला, हे मला आजही सांगता येत नाही. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. कंपनीने बटणाला लगाम घातला. बोटाला लगाम घालणे हे आमचे काम होते आणि तेच आम्ही शिकवले नव्हते. मी गटावर माफी मागितली. त्या माफीला मात्र फारसे अंगठे आले नाहीत.

तेव्हापासून माझ्या प्रशिक्षणाचा पहिला तास यंत्राशिवाय असतो. फळ्यावर चार प्रश्न लिहितो. हे कुणी सांगितले? कधीचे आहे? दुसरीकडे कुठे सापडते का? हे खोटे निघाले तर कुणाचे नुकसान होईल? मग फोन काढायचे. प्रत्येकाने आपल्याच फोनमधला एक संदेश निवडायचा आणि तपासायचा. चित्र जुने आहे का, ते शोधून पाहायचे. गोदावरीसारखा साधा विषय घेऊन विकिपीडिया, मराठी विश्वकोश आणि पाठ्यपुस्तक शेजारी शेजारी ठेवायचे. आकडे जुळतात का? नसतील तर का? नोंद कुणी लिहिली? विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, विकिपीडियावर बदलांचा इतिहास दिसतो. आलेल्या संदेशाला ना नाव, ना गाव.

एकदा निवृत्तीला आलेल्या एक बाई दिवसभर मागे गप्प बसल्या होत्या. त्यांना टाइप करायला जमत नव्हते. संध्याकाळी म्हणाल्या, “सर, पोरं भांडण घेऊन आली की मी रोज हेच विचारते. तू बघितलंस का? अजून कुणी बघितलं? एवढंच मोबाईलला विचारायचं ना?” मी म्हणालो, “बाई, एवढंच.” त्या दिवशीचे प्रशिक्षण खरे तर त्यांनीच दिले.

दुसरा धडा 2020 च्या टाळेबंदीने दिला. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे आपण म्हटले. पण आपल्या भागात दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसे ऊसतोडीला जातात. घरात एकच फोन असतो आणि तो बापाबरोबर फडावर जातो. आजीजवळ राहिलेल्या लेकराने कोणती लिंक उघडायची? त्यामुळे आता मी शिक्षकांना सांगतो, व्हिडिओ निवडण्याआधी वर्गातल्या किती घरांत संध्याकाळी फोन असतो ते मोजा. मग ठरवा.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या तुकडीने शाळेला स्मार्ट टीव्ही द्यायचे ठरवले आहे. माझा विरोध नाही, माझी वर्गणी जमा आहे. खजिनदार मान हलवत आहेत. फक्त तीन गोष्टी मागतो. एक, टीव्हीबरोबर तीन वर्षांच्या दुरुस्तीचे आणि इंटरनेटचे पैसे बाजूला ठेवू या. दोन, दोन वर्तमानपत्रे शाळेत रोज यावीत, म्हणजे एकच बातमी दोन ठिकाणी कशी येते हे पोरे बघतील. तीन, वर्षातून दोन दिवस इथल्या शिक्षकांसोबत बसायला मी येईन. मानधन नको, बाजरीची भाकरी चालेल.

कारण काळ अवघड येतो आहे. आता यंत्र स्वतःच उत्तर लिहून देते, तेही शुद्धलेखनाच्या चुका न करता. आमच्या वेळी चुकीच्या उत्तराचे अक्षर तरी वाईट असायचे! अशा वेळी उत्तर देणारा शिक्षक मागे पडेल. उत्तराला प्रश्न विचारायला शिकवणारा शिक्षक मात्र लागणारच.

विज्ञानाचे सर आज इथे समोर बसले आहेत. सर, तुमचा प्रश्न मी ऐन वेळी विसरलो होतो. त्याची ही जाहीर कबुली. आता तो प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर सगळ्यांत वर लिहितो.

आणि मित्रांनो, आपल्या तुकडीच्या गटावर रात्री बारानंतर जे काही येते, त्यालाही हा प्रश्न लागू आहे. नावे घेत नाही.