पाल्यातील प्रथिने आणि गरिबाचे ताट



मी बँकेतला कारकून, शिक्षण कला शाखेचे. तरीही विज्ञानाचा विषय निवडला, कारण प्रश्न गरिबाच्या ताटाचा आहे.

डाळ महागली की वरण पातळ होते. त्याच वेळी नाशिकच्या मळ्यांतून लसूणघासाचे भारे गोठ्यात जातात. त्या पाल्यात प्रथिने भरपूर. पण चोथाही भरपूर, म्हणून माणसाला तो पोटभर खाता येत नाही. ही प्रथिने वेगळी काढता येतात, हे फ्रान्समध्ये रुएल यांनी १७७३ मध्येच दाखविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये एन. डब्ल्यू. पिरी यांनी माणसाच्या अन्नासाठी हे काम हाती घेतले. आपल्याकडे डॉ. आर. एन. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठवाडा विद्यापीठात लसूणघासावर संशोधन केले. १९९४ साली ज्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले, तेच हे विद्यापीठ!

कृती सोपी आहे. ताजा पाला कुटून त्याचा रस पिळायचा आणि रस उकळीला आणायचा. दूध फाटावे तसा हिरवा साका वेगळा होतो. तो फडक्यात गाळून, धुऊन, दाबून घ्यायचा.

हिशेब हा माझा रोजचा विषय. १०० किलो पाल्यातून ओला साका निघतो सुमारे ५ किलो. ४५ किलो चोथा जनावरांना आणि ५० किलो पाणी शेताला. साका वाळविला की त्याचा निम्मा भाग प्रथिनांचा. शिवाय लोह आणि अ जीवनसत्त्व देणारे कॅरोटीन. कोइमतूरला लहान मुलांवर या कॅरोटीनचा प्रयोग झाला. तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग हे अन्न घरोघरी का नाही? रंग गडद हिरवा, चव गवताची. पाला कापल्यावर लगेच वापरावा लागतो आणि कुटण्या-पिळण्याला यंत्र लागते. वाटेल तो पालाही चालत नाही. तो खाण्याजोगाच हवा. युरोपीय संघाने २००९ साली लसूणघासाच्या अर्काला परवानगी दिली, तीही दिवसाला १० ग्रॅमपर्यंतच. म्हणजे हे डाळीच्या जागी नव्हे, डाळीच्या जोडीला.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेतले काम झाले आहे. स्वयंपाकघरातले राहिले आहे. थालीपिठात, चटणीत हा साका मुलांना आवडेल असा कसा घालावा, स्वस्त यंत्र कसे करावे, हे तुम्ही शोधा. ज्ञान गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचले, तरच शिकल्याचे सार्थक.