राप्तीकाठची एक सकाळ

(वार्षिक सहभागिता मेळाव्यात एका भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेब मला म्हणाले, "नेपाळला जाऊन आलात, तर पंधरा मिनिटे बोला. गेंडा कसा दिसला ते सांगा." गेंडा दिसला, तेही सांगते. पण आधी एक कबुली देते. गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता मी उपासनेला नव्हते, होडीत होते.

लगेच नाराज होऊ नका. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे तिथल्या मंडळ्यांची मुख्य उपासनाही शनिवारीच होते. आम्ही आठ जण कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूरपर्यंत, तिथून सोनौलीची सीमा ओलांडून बसने चितवन जिल्ह्यात गेलो होतो. तिथल्या एका छोट्या मंडळीचे आम्ही पाहुणे. शनिवारी त्यांच्याबरोबर चटईवर बसून उपासना केली, डाळ-भात खाल्ला. रविवारची सकाळ मोकळी होती. यजमान म्हणाले, "इथवर आलात तर जंगल पाहून जा." म्हणून सौराहा या गावाहून अर्ध्या दिवसाची सफर ठरवली: तासभर होडी आणि मग जंगलातून पायी परत.

चितवन राष्ट्रीय उद्यान हे नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान. ते १९७३ साली झाले आणि १९८४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हिमालयाच्या पायथ्याचा हा सखल प्रदेश, त्याला तराई म्हणतात. बर्फ नाही, थंडीत दाट धुके, उन्हाळ्यात घामाच्या धारा. उंचवट्यावर साल वृक्षांचे जंगल आणि नदीकाठी माणसाच्या दुप्पट उंचीचे गवत. हे पूर्वी राजघराण्याचे आणि राणा सरदारांचे शिकारीचे रान होते. १९११ साली दिल्ली दरबारानंतर इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज इथे शिकारीला आले, तेव्हा त्या एका शिकारीत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले. १९६० च्या दशकाच्या शेवटी चितवनात जेमतेम शंभराच्या आसपास गेंडे उरले होते. २०२१ च्या गणनेत संपूर्ण नेपाळात ७५२ गेंडे मोजले गेले, त्यांतले ६९४ चितवनात. नामशेष होऊ घातलेला प्राणी एका पिढीत परत उभा राहिला. हे लहान काम नाही, आणि त्यासाठी मी देवाचे उपकार मानते.

आता सफरीकडे येते. पायी जायचे तर दोन वाटाडे बरोबर हवेत, एक पुढे आणि एक मागे. बंदूक नाही. दोघांच्या हातात बांबूची एकेक काठी, बस. पुढचा वाटाड्या चाळिशीचा, थारू समाजाचा, हिंदी चांगले बोलणारा. नेपाळीत थोरल्या भावाला दाइ म्हणतात, म्हणून आम्ही त्याला दाइ म्हणू लागलो. आमच्यातल्या निवृत्त परिचारिका आजींना हसू आवरेना. "अगं, दाई म्हणजे आपल्याकडे सुईण!" हे त्याला समजावले तेव्हा तोही खूप हसला, आणि ओळख झाली.

निघण्यापूर्वी दाइने आम्हाला उभे करून सूचना दिल्या. गेंड्याला दिसते कमी, पण वास आणि आवाज पटकन कळतो. तो अंगावर आला तर झाडावर चढा. झाड नसेल तर सरळ न पळता नागमोडी पळा. अस्वल आले तर पांगू नका, सगळे एकत्र उभे राहा. वाघ समोर आला तर पाठ फिरवू नका, त्याच्याकडे पाहत हळूहळू मागे सरका. आजी म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात, मी झाडावर कशी चढू?" दाइ गंभीरपणे म्हणाला, "आमा, मी खालून ढकलीन." आमा म्हणजे आई.

होडी म्हणजे सावरीच्या एकाच झाडाचे खोड कोरून केलेली डोंगी. एकामागे एक बसायचे आणि हालायचे नाही. पाणी हातभर खाली. ती चालवणारा तरुण बोटे समाजाचा होता. नदीतून माणसे पैलतीरी नेणे आणि मासे धरणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. धुक्यातून चक्रवाकांच्या जोड्या दिसल्या, खंड्या दिसला. वाळूवर एक मगर तोंड उघडे टाकून पडली होती. पुढे एक घडियाल दिसला. लांब चिंचोळा जबडा, आणि नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा गोळा, म्हणून ते नाव. हा प्राणी मासे खाऊन जगतो. तोही संपत आला होता. १९७८ पासून कसरा इथल्या केंद्रात नदीकाठची अंडी आणून पिल्ले वाढवतात आणि मोठी झाल्यावर नदीत सोडतात.

होडीतून उतरून आम्ही गवतात शिरलो. पायवाट एवढी अरुंद की पुढच्याची पाठ तेवढी दिसावी. अर्ध्या तासाने दाइने हात वर केला. आधी फक्त आवाज आला, गाय चारा उपटून खाते तसा, पण फार मोठा. मग गवत हलले आणि वीस-पंचवीस पावलांवर गेंड्याची मादी दिसली, पोटाशी पिल्लू. अंगावर चिलखतासारख्या घड्या, चिखल सुकून पांढरा झालेला. तिने डोके वर केले, कान फिरवले. माझी जीभ टाळूला चिकटली. दाइने आम्हाला एका सालाच्या मागे सरकवले आणि काठी धरून स्वतः आमच्या पुढे उभा राहिला. दोन-तीन मिनिटे गेली असतील. मग ती पिल्लाला घेऊन गवतात निघून गेली.

मला ईयोबाच्या पुस्तकाची आठवण झाली. शेवटी देव ईयोबाशी बोलतो तेव्हा तो त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही. त्याला रानातली जनावरे दाखवतो. ३९ व्या अध्यायात रानबैल आहे, जो माणसाच्या गव्हाणीपाशी राहत नाही आणि त्याचा नांगर ओढत नाही. जुन्या लॅटिन बायबलात त्या ठिकाणी चक्क गेंडा असा शब्द आहे. माणसाच्या उपयोगासाठी नसलेली जनावरेही देवाला प्रिय आहेत, हा त्या अध्यायाचा धडा मी त्या झाडामागे उभी राहून शिकले.

माझे भाषण इथे संपवता आले असते. पण परतताना एक गोष्ट घडली.

विसाव्याला बसलो असताना आमच्यातला एक जण दाइला म्हणाला, "तुम्ही भाग्यवान. रोज गेंडा बघता." तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पैसे देऊन पाहता. आम्हाला तो रात्री शेतात फुकट दिसतो." आम्ही हसलो. तो हसला नाही. मग हळूहळू त्याने सांगितले. भात पिकले की गेंडे नदी ओलांडून येतात, म्हणून गावकरी मचाणावर रात्री जागून काढतात. काही वर्षांपूर्वी त्याची आई जनावरांसाठी चारा कापायला गेली असता गेंड्याने तिला उडवले. ती वाचली, पण आता काठीशिवाय चालत नाही. "ज्या गेंड्यामुळे माझी मुले शाळेत जातात," तो म्हणाला, "त्याच गेंड्याने माझी आई मोडली. मी कुणावर रागावू?"

बंधू-भगिनींनो, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी फक्त विचारले, "दाइ, तुमचे गाव पहिल्यापासून इथेच का?" त्याने नदीच्या पलीकडे, उद्यानाकडे बोट केले. त्याच्या आजोबांचे घर पदमपूरला होते. ते गाव आता उद्यानात आहे, म्हणजे नाही. तिथल्या लोकांना टप्प्याटप्प्याने बाहेर हलवण्यात आले.

थारूंची हकिकत थोडक्यात सांगते. तराई म्हणजे पूर्वी मलेरियाचे घर. डोंगरातले लोक तिथे रात्र काढायलाही भीत. थारू मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिले. मलेरियाला तोंड देण्याची काही शक्ती त्यांच्या रक्तातच अनुवंशाने आलेली आहे, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. १९५० च्या दशकात डीडीटी फवारून मलेरियावर मात करण्याचे काम सुरू झाले. चांगलेच काम होते ते. पण रोग हटला तसे डोंगरातून लोक आले. त्यांना कागदपत्रे कळत होती; थारूंपाशी जमीन होती, पण कागद नव्हता. अनेकांची जमीन गेली. मग उरलेल्या रानाचे उद्यान झाले. १९७५ पासून तिथे सैन्याचा पहारा आहे. छपराचे गवत, सरपण, मासे, जे कालपर्यंत घरचे होते, त्याला परवाना लागू लागला. आजही छपराचे गवत कापायला हिवाळ्यात मोजके दिवसच परवानगी मिळते, आणि बोटे लोकांना आपल्याच नदीत जाळे टाकायला परवाना लागतो. अगदी अलीकडे, जुलै २०२० मध्ये, माडी भागातल्या कुसुमखोला इथे चेपांग या गरीब आदिवासी समाजाच्या झोपड्या उद्यानाच्या पथकाने पाडल्या, काही जाळल्या. करोनाचा काळ आणि वर पाऊस.

एकच बाजू सांगणे बरे नाही. १९९६ साली उद्यानाभोवती मध्यवर्ती क्षेत्र, म्हणजे बफर झोन, जाहीर झाले. उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के भाग तिथल्या गावांच्या कामांसाठी द्यावा, असा कायदा आहे. त्यातून कुंपणे झाली, शाळा झाल्या, गावांची स्वतःची राने उभी राहिली. दाइला वाटाड्याचे काम मिळाले तेही उद्यान आहे म्हणूनच. हे सगळे त्यानेच मला सांगितले. शेवटी तो म्हणाला, "गेंडा राहू दे. पण आम्ही इथले आहोत, एवढे आम्हाला विचारा."

नाबोथाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकली आहे. राजाने चांगली किंमत देऊ केली होती, तरी त्याने द्राक्षमळा दिला नाही, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. अहाबाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. तो स्वार्थ होता, म्हणून न्याय करणे आपल्याला सोपे जाते. चितवनात हेतू चांगला होता. मलेरिया हटवणे चांगले, गेंडा वाचवणे चांगले. तरी दोन्ही वेळा किंमत भरली ती ज्याला कोणी विचारले नाही त्याने. चांगले काम करणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवायला हवे, आणि आपण स्वतःला चांगले काम करणारे समजतो.

म्हणून चितवनहून मन घरी आले. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आपण मुलांची सहल नेली आहे. कान्हेरी लेणी पाहिली, डबे खाल्ले, बिबट्या दिसेल म्हणून मुलांना भीती घातली. त्याच उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. आपल्यापैकी किती जणांनी तिथे थांबून कुणाला नाव विचारले? मी विचारले नव्हते.

आपल्याकडे एक चांगली गोष्ट आहे, २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला तिच्यावर दावा करता येतो. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. कागद नसला तरी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरतात. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. गावाला मिळून सामूहिक हक्कही मागता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो २००९ साली मिळवला. थारूंकडे नव्हता तो कागद इथे मिळू शकतो. पण दावा नामंजूर झाला तर ६० दिवसांत अपील करावे लागते, आणि ज्याला नोटीस वाचता येत नाही त्याचे ६० दिवस कधी सरतात ते कळतही नाही. आपण पाड्यांवर ब्लँकेटे वाटतो, ती वाटावीतच. पण त्या घरात बसून एक नोटीस वाचून दाखवणे, तालुक्याच्या कचेरीत बरोबर जाणे, हीही सेवा आहे. तिला पैसे कमी आणि वेळ जास्त लागतो.

मी आपणापुढे तीन विनंत्या ठेवते. कुठल्याही अभयारण्यात गेलात तर तिथला स्थानिक वाटाड्या घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या आणि त्याच्या घरची चौकशी करा. आपल्या प्रत्येक मंडळीतून लिहिता-वाचता येणाऱ्या दोन जणांनी महिन्यातला एक शनिवार दाव्यांच्या कागदांसाठी द्यावा. आणि आपण पाड्यावर जे काही नवीन सुरू करू, ते आधी तिथल्या लोकांना विचारून करू.

निघताना आम्ही दाइच्या घरी गेलो. बोरूच्या कुडाचे, मातीने लिंपलेले घर. त्याची आई ओसरीवर बसली होती. परिचारिका आजींनी तिचा पाय हातात घेऊन पाहिला, कुठे दुखते ते विचारले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मग आजींनी मराठीतच प्रार्थना केली, आणि ती माउली हात जोडून शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिच्यासाठी, तिच्या मुलासाठी आणि आपल्या पाड्यांवरच्या तिच्यासारख्या सगळ्या आयांसाठी आपण प्रार्थना करत राहू या. प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.