भातसाच्या वरून हंडा दिसत नाही

आजचा एपिसोड छोटाय. आसनगावला लोकलमध्ये बसलात तर कल्याणच्या आत संपेल.

अँथ्रोपोसीन हा शब्द ऐकलाय? माणसाने पृथ्वीवर एवढी उलथापालथ केली आहे की ती खडकांच्या थरांतही कायमची दिसणार, म्हणून या काळाला वेगळं नाव द्या, असा तो प्रस्ताव. २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या समितीने मतदान करून तो फेटाळला. पण कलाकारांनी शब्द आधीच उचलला होता. कॅनडाचे तिघे, म्हणजे फोटोग्राफर एडवर्ड बर्टिन्स्की, दिग्दर्शिका जेनिफर बायचवाल आणि कॅमेरा सांभाळणारे निकोलस द पेन्सिए, यांनी २०१८ मध्ये त्याच नावाची फिल्म केली, सोबत प्रदर्शनही. जर्मनीतली कोळशाची खाण, इटलीतल्या संगमरवराच्या खाणी, नैरोबीचं डंपिंग ग्राउंड.

मला आवडलेला भाग वेगळाच. केनियाने २०१६ मध्ये शंभर टनांहून जास्त हस्तिदंत जाळून टाकलं. त्यातल्या एका ढिगाचे या लोकांनी जाळण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले. सॉफ्टवेअर अशा फोटोंतले सारखे बिंदू जुळवतं आणि थ्री-डी मॉडेल तयार होतं. प्रदर्शनात फोन धरला की ढीग समोर उभा! याला फोटोग्रामेट्री म्हणतात. साध्या मोबाइलवरही जमते.

आता आपल्याकडे या. तानसा धरण १८९२ चं. मग मोडकसागर, भातसा. मुंबईला सगळ्यात जास्त पाणी भातसाचं जातं आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. कसाऱ्याच्या डोंगरातून समृद्धीचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा गेलाय. तिकडे मुरबाडच्या डोक्यावर नाणेघाटात सातवाहनांनी खोदलेली अक्षरं दोन हजार वर्षांनी अजून आहेत. बोगदा किती टिकेल, हिशोब तुम्हीच करा.

ड्रोनमधून भातसाचा जलाशय भारीच दिसतो, रील पण चालते. पण तेवढ्या उंचीवरून डोक्यावरचा हंडा दिसत नाही. बर्टिन्स्कीच्या फोटोंबद्दल माझी हीच तक्रार आहे. उजाड झालेली जमीनसुद्धा इतकी सुंदर दिसते की आपण लाइक करून पुढे जातो.

म्हणून मला प्रभाकर पाचपुते जवळचे वाटतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. ते लाकडी कोळशाने भिंतभर चित्रं काढतात. माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी खाणीतला दिवा, असली. २०२१ मध्ये वेल्सचा आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलाकारांना मिळून दिला, त्यात ते होते. तिथल्या खाणकामगारांचे जुने बॅनरही त्यांनी अभ्यासले. खाण त्यांना वरून बघावी लागली नाही.

तर आमचा प्लॅन असाय. मी कोड बघणार, एक मित्र फोटो, आणि पाड्यावरच्या एक काकू, ज्या लग्नाचा चौक लिहितात, त्या विहिरीची गोष्ट भिंतीवर लिहिणार. विचारायला गेलो तर काकू म्हणाल्या, "विहिरीचा फोटू काढून पाणी येनार काय रं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "काढायचाच तर मे महिन्यात काढ. पावसात सगळ्याच हिरी चांगल्या दिसत्यात." आणि भिंतीवर काय येणार ते त्या ठरवणार, आम्ही नाही. मान्य केलं.

मग मेमधले सगळे रविवार. शहापूर-मुरबाडकडचं कुणी येत असेल तर मेसेज करा. सकाळी सातला आसनगाव स्टेशन. फोन फुल चार्ज हवा, मेमरी रिकामी हवी. आणि प्यायचं पाणी घरून आणा, पाड्यावर मागायचं नाही.