खाडी, उघाडी आणि खांड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या भागातल्या एखाद्या शब्दावर दहा मिनिटे बोला, असे मला सांगण्यात आले. मी सातवी शिकलेली बाई. व्याकरण मला यायचे नाही. पण ज्या शब्दांवर आपले भात उभे आहे ते आपणा सगळ्याजणींना ठाऊक आहेत. समुद्राचे पाणी आत येण्याच्या तीन वाटा आहेत, त्यांची नावे मी सांगते.

पहिली वाट खाडी. भरतीचे पाणी नदीच्या मुखातून जेथवर आत चढते, तेथवर खाडी. आपली अंबा नदी नागोठण्याकडून गोड्या पाण्याची येते आणि खाली तिचीच धरमतरची खाडी होते. सावित्रीची बाणकोटला होते, वाशिष्ठीची दाभोळला. ठाण्याच्या खाडीचे तसे नाही. उल्हास नदीचे बहुतेक पाणी वसईच्या बाजूने जाते. ठाण्याला समुद्रच जमिनीत शिरला आहे, तरी आपण तिला खाडीच म्हणतो. कारण खूण एकच, खारे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा परत जाते.

मुले हिंदी बातम्या ऐकून 'बंगालची खाडी' आणि 'खाडी देश' म्हणू लागली आहेत. हिंदीत ते बरोबरच आहे. मराठीत मात्र तो बंगालचा उपसागर आणि ते आखाती देश. पलीकडचा काठ दिसतो ती आपली खाडी, एवढे मुलांना सांगावे.

दुसरी वाट उघाडी. ही माणसाने केलेली. खारबांधात दार बसवतात. भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच ते मिटते आणि ओहोटी लागली की शेतातले पावसाचे पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. त्यात लाकूड किंवा प्लास्टिक अडकले तर दार मिटत नाही, आणि एका रात्रीत खाचर खारट होते.

तिसरी वाट खांड. बांध फुटून पडलेले भगदाड ते खांड. खाडी देवाची, उघाडी आपली, पण खांड कोणाचीच नसते, म्हणून ती बुजवायला कोणी पुढे येत नाही. पूर्वी गावकी बांधावर उभी राहून चिखलाचे गोळे लावी. आता ज्याचा त्याचा पाय नोकरीच्या वाटेवर.

२०१९ साली आषाढातल्या उधाणाला आमच्या बांधाला खांड गेली. लावणी नुकतीच झाली होती. पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांनी कागदावर 'अतिवृष्टीचे पाणी' असे लिहिले. सासूबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "दादा, पावसाचं पाणी दोन दिवसांत जातं नि मागे गाळ ठेवतं. खाडीचं पाणी मीठ ठेवून जातं. बांधास खांड गेली, असंच लिहा." त्यांनी खोडून तसे लिहिले. सासूबाईंना सही येत नाही, त्यांनी अंगठा उठवला.

भगिनींनो, त्या एका शब्दात सगळे होते. अतिवृष्टी लिहिली असती तर भात गेले एवढेच कागदावर राहिले असते. बांधाचे नावच निघाले नसते. खांड लिहिली म्हणून बांध बांधण्याचा अर्ज करता आला. तरी खांड बुजायला दोन वर्षे गेली आणि मीठ धुऊन जायला आणखी तीन पावसाळे. ज्या शिवारात खांड तशीच राहिली, तेथे तिवरे वाढली आहेत. ती तोडण्यास कायद्याने बंदी आहे. ते शेत गेलेच म्हणायचे.

म्हणून माझे सांगणे थोडकेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी उघाडीकडे एक फेरी मारावी. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करावी: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. बांधावर खेकड्याचे बीळ दिसले तर लगेच बुजवावे, कारण बिळाची खांड व्हायला एक उधाण पुरते. आणि कागदावर काही लिहिले जात असेल तर मोठ्याने वाचून दाखवा म्हणावे. आपला शब्द आपणच सांगितला पाहिजे.