ढोरांचं तळं आणि आपण बाया

(वाशीम जिल्ह्यातल्या महिला मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून इथे देत आहोत.)



मला "पाणी आणि स्त्रिया" या विषयावर बोलायला सांगितलंय. पाणी म्हटलं की आपण हंड्यावर बोलतो, नळावर बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण आज मी ज्या पाण्यावर बोलणार आहे ते माणसं पीत नाहीत, ढोरं पितात. आमच्या गावाशेजारचं ढोरांचं तळं, आणि त्यात माजलेलं शेवाळ आणि तण, हा माझा विषय.

काहीजणी हसल्या. हसा. पण आधी हात वर करा, घरच्या ढोरांना पाण्यावर कोण नेतं? शेण कोण काढतं? शेळ्या कोणाच्या जिवावर आहेत? बघा, जवळपास सगळेच हात वर आहेत. आता सांगा, तळ्याबद्दल गावात जी बैठक झाली तिला तुमच्यापैकी कोणाला बोलावलं होतं? हात खाली आले. म्हणून हा विषय आपला आहे.

आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. एका अंगाचं पाणी पैनगंगेतून गोदावरीकडे जातं, दुसऱ्या अंगाचं काटेपूर्णेतून पूर्णेला आणि पुढे तापीला. म्हणजे पाऊस पडतो आपल्याकडे आणि पाणी निघून जातं दुसरीकडे. उन्हाळ्यात ढोरांना आधार असतो तो गावतळ्याचा, पाझर तलावाचा, नाहीतर शेततळ्याचा. तेच पाणी नासलं तर एप्रिल-मेमध्ये ढोरं न्यायची कुठे?

दहाएक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझी गाभण कालवड गेली. सकाळी तळ्यावर पाणी पिऊन आली, दुपारी गोठ्यात थरथरायला लागली, संध्याकाळी संपली. शेजारच्या दोन शेळ्याही त्याच दिवशी गेल्या. त्या दिवशी तळ्याच्या एका काठाला कोणी हिरवा रंग ओतावा तशी साय आली होती. आम्ही ती रोज बघत होतो. पण गावात चर्चा काय झाली? "कोणी विटाळशी बाई तळ्यावर गेली असंल." आणि त्या आठवड्यात ढोरं घेऊन मीच जात होते. माझी कालवड मेली, आणि दोषही माझ्याच पदरात. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "तिले काहून बोलता? पाणी पाहा ना आधी."

जनावरांच्या डॉक्टरांनी पाणी पाहिलं आणि सांगितलं की हे निळं-हिरवं शेवाळ असावं. आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण खरं तर ते जंतू आहेत. त्यांच्या काही जातींमध्ये विष असतं. ते यकृतावर किंवा मज्जातंतूंवर जातं, आणि जनावर काही तासांत दगावू शकतं. त्यावर उतारा नाही. ही काही आजची गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका तलावावर असंच पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, गुरं मेल्याचं १८७८ सालीच शास्त्रज्ञांनी छापलं होतं. २०२० साली आफ्रिकेतल्या बोट्‌स्वानात तीनशेच्या वर हत्ती मेले, तेव्हा तिथल्या सरकारनेही पाणवठ्यातल्या याच विषाकडे बोट दाखवलं. हत्तीला कोणाचा विटाळ झाला होता?

मग आम्ही काहीजणींनी ठरवलं की तळ्यात नेमकं काय वाढतंय ते आधी ओळखायचं. तुम्हीही शिकून घ्या, सोपं आहे.

काठीने उचललं की केसांच्या गुंत्यासारखं लोंबतं ते धाग्याचं शेवाळ. ते बहुधा विषारी नसतं, पण पाणी अडवतं आणि सडलं की घाण वास मारतं. काठीवर न टिकता रंगासारखं ओघळतं ते संशयाचं. काचेच्या बाटलीत ते पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. हिरवं तळाशी बसलं तर भीती कमी. वर तरंगून आलं तर निळ्या-हिरव्याचा संशय धरा, ढोरं दुसरीकडे पाजा आणि डॉक्टरला बोलवा. बाटली भरताना त्या पाण्यात उघडा हात घालू नका. ही पक्की तपासणी नव्हे, पण सावध व्हायला पुरते.

तणाचे प्रकार वेगळे. जलपर्णी वर तरंगते. काही झाडं तळाला मुळं धरून पाण्याखाली वाढतात. काठाला पाणकणीस आणि बेशरम. बेशरम नावाप्रमाणेच आहे. तोडून फेकलेला तुकडा ओल्या जमिनीवर पडला की पुन्हा फुटतो. शेळ्यांनी भुकेपोटी तो सतत खाल्ला तर त्यांची मान डुगडुगते, पाय लटपटतात. आणि तण दाट झालं की त्यात गोगलगायी वाढतात. त्यांच्यातूनच ढोरांना यकृतातले जंत होतात, जबड्याखाली सूज येते.

आता हे सगळं वाढतं कशावर? खाण्यावर. झाडाला खत लागतं तसं शेवाळालाही लागतं, आणि ते आपणच घालतो. एक गाय दिवसाला दहा-पंधरा किलो शेण टाकते. तळ्यात उतरलेलं ढोर शेण-मूत तिथेच करतं. पन्नास ढोरं रोज दुपारी पाण्यात बसली तर वर्षात किती बंड्या शेणखत तळ्यात गेलं, याचा हिशेब तुम्ही घरी करा. त्यात सोयाबीनच्या वावरातलं वाहून येणारं खत. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद असतं. पेरणीनंतर पहिला मोठा पाऊस आला, धुरा फुटला, की त्यातलं काही मातीबरोबर तळ्यात उतरतं. कपड्याचा सोडा, साबण त्यात भर. हे स्फुरद गाळात साठतं आणि वर्षानुवर्षं शेवाळाला पोसत राहतं. म्हणून नुसतं वरचं शेवाळ काढलं तर ते पुन्हा येतंच.

हे आम्ही सांगायला गेलो तोवर गावातल्या पुरुषमंडळींनी उपाय ठरवून टाकला होता. फवारा. तणनाशक आणलं आणि एका दिवसात अख्खं तळं मारलं. आठ दिवसांत तण पिवळं पडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मेलेलं तण पाण्यातच सडलं. सडताना ते पाण्यातला प्राणवायू खातं, आणि पहाटेला तो सगळ्यात कमी असतो. एका पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते, सकाळी उलटे पडले. पुढच्या महिन्यात पाणी आधीपेक्षा जास्त हिरवं झालं, कारण सडलेलं तण शेवाळाचं खत झालं होतं. फवारलेले कपडे कोणी धुतले? आम्ही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, हे आपण विसरलो नाही.

कोणी मोरचूद टाका म्हणतात. मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरं. पण विषारी शेवाळ मेलं की त्यातलं विष एकदम पाण्यात सुटतं, आणि लोक तर पाणी निवळलं म्हणून ढोरं सोडतात. मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं. मापात चूक झाली तर मासेही जातात. औषध कधीच वापरू नका असं मी म्हणत नाही. पण ते पाण्यात वापरायला मंजूर आहे का, ढोरं किती दिवस लांब ठेवायची, हे जाणकाराला विचारल्याशिवाय नको. आणि कधीही अख्खं तळं एकदम मारायचं नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगते.

पहिलं, ढोरं पाण्यात उतरणं थांबवलं. काठाने काट्याचं कुंपण केलं आणि पाळीच्या खालच्या बाजूला सिमेंटचा हौद बांधला. हौद तळ्यातल्या पाण्यापेक्षा खोलगट जागी असला की पाळीवरून टाकलेल्या नळीतून पाणी आपोआप उतरतं. नळी आधी पाण्याने पूर्ण भरून दोन्ही तोंडं दाबून धरायची, एक तळ्यात सोडायचं, दुसरं हौदात. इंजिन लागत नाही. नळीचं आतलं तोंड रिकाम्या डब्याला बांधून पाण्याखाली हातभर ठेवलं, म्हणजे वरची साय ओढली जात नाही. पण विषारी शेवाळाचा संशय असेल तेव्हा हे पाणीही पाजायचं नाही. हौदाभोवती मुरूम-दगड पसरला, म्हणजे चिखल होत नाही आणि शेण उचलता येतं. ते शेण आता तळ्याऐवजी खड्ड्यात जातं.

दुसरं, पाणी जिथून आत येतं त्या नाल्याच्या तोंडाशी मारवेल गवताचा रुंद पट्टा लावला. तो माती आणि खत अडवतो आणि वर चारा देतो.

तिसरं, मे महिन्यात गाळ काढला. सरकारने २०१७ साली "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना काढली तेव्हापासून गाळाचं मोल सगळ्यांना कळलंय. काळा गाळ वावरात गेला, तळं खोल झालं. तळापर्यंत ऊन पोचलं नाही की तळाचं तणही कमी होतं.

चौथं, तण हाताने काढलं, फुलावर येण्याआधी. बेशरम मुळासकट उपटून खडकावर वाळवली. काढलेलं तण काठावर ठेवायचं नाही, नाहीतर पावसात त्याचा रस पुन्हा तळ्यात. लांब नेऊन त्याचं खत केलं. आणि सगळं तण काढलं नाही. पाण्याखालची थोडी झाडं राहिली पाहिजेत, कारण तीही स्फुरद खातात आणि माशांना आसरा देतात. झाडं पार संपवली की शेवाळाला मैदान मोकळं. गवत्या मासा पाण्याखालचं कोवळं तण खातो, म्हणून थोडे गवत्या सोडले. फार सोडले तर तळं बोडकं होतं. बेशरम मात्र तो खात नाही, ती आपल्यालाच काढावी लागते.

शेवाळ संपलं का? नाही. आजही मे महिन्यात एका कोपऱ्यात हिरवं येतं. पण आता आम्ही ते ओळखतो, आणि त्या दिवसात ढोरं तिकडे जात नाहीत. त्यानंतर पाण्याने आमच्याकडे ढोर गेलं नाही.

आता जे सांगायला मी आले ते. पहिल्या वर्षी हे सगळं "श्रमदान" म्हणून झालं. कंबरभर पाण्यात उभं राहून तण आम्ही काढलं. पायांना खाज सुटली, जळवा लागल्या, मजुरी बुडाली. फोटोच्या दिवशी मात्र पुढे कोण उभं होतं ते सांगायला नको. फवारा मारला तेव्हा पंप धरणाऱ्याला रोज मिळाला होता. हाताने काढायचं ठरलं तेव्हा तो गावावरचा उपकार झाला! बाईने केलं की काम फुकट, हे आपण घरात सोसतो, तळ्यातही सोसायचं का? तळ्याची मासेमारी बोलीने दिली गेली आणि पैसा आला, तेव्हा त्या हिशेबात आमचं नाव नव्हतं.

आम्ही महिला ग्रामसभेत हा प्रश्न लावून धरला. नियमित ग्रामसभेच्या आधी बायांची सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. ती कागदावर उरकली जाते. आम्ही ती खरीखुरी बसवली आणि ठराव लिहून घेतला. भांडणं झाली, घरातही झाली. आज तळ्याच्या उत्पन्नातून वर्षातून दोनदा सफाईची मजुरी निघते, आणि तळ्याच्या समितीवर आमच्या दोघीजणी आहेत. फार मोठा विजय नव्हे. पण नाव लागलं.

गोंदिया जिल्ह्यात शालू कोल्हे आणि ढीवर समाजाच्या बायकांनी याहून मोठं काम केलंय. तिथल्या जुन्या मालगुजारी तलावांतली बेशरम त्यांनी उपटली, पाण्यातली देशी झाडं पुन्हा लावली, मासे परत आणले, आणि तलावावर हक्कही मागितला. तळं सुधारणं आणि तळ्यावर हक्क मागणं ही दोन कामं वेगळी नाहीत, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

आणि एक गोष्ट स्वतःला सांगायची. कुंपण घातलं की कुलूप येतं आणि कुलूप आलं की किल्ली कोणाकडे हा प्रश्न येतो. आमच्याकडेही काहीजणी म्हणाल्या, ज्यांनी काम केलं त्यांचीच ढोरं हौदावर येऊ द्या. म्हणजे मजुरीला गेलेल्या भूमिहीन बाईच्या दोन शेळ्या तहानलेल्या राहणार, वाटेने जाणाऱ्या मेंढपाळाला हाकलणार. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना का जावं लागलं? तळ्याभोवती माणसांनी न दिसणारं कुंपण घातलं होतं म्हणून. त्यानंतर आपण नवं कुंपण घालायचं नाही. आमच्या हौदाला कुलूप नाही. तो तुडुंब राहील हे बघायची पाळी आहे, ती सगळ्या वस्त्यांत फिरते, आणि पाळीत पुरुषांचीही नावं आहेत. ती नावं लावायला तळं साफ करण्यापेक्षा जास्त वेळ लागला!

घरी गेल्यावर एकच काम करा. तुमच्या तळ्यातलं पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी जे दिसेल ते घेऊन पुढच्या महिला ग्रामसभेत जा आणि बाटली टेबलावर ठेवा. आम्ही तेच केलं होतं. बाटली बघितल्यावर विटाळाचं नाव कोणी काढलं नाही.

आता तुमच्याकडच्या तळ्याचं सांगा. मी ऐकते.