पेशी घोट घेते तेव्हा आत काय काय जातं?

दिव्याहून बोलतोय, त्यामुळे मध्येच लोकलचा हॉर्न वाजला तर सांभाळून घ्या.

घरी आजी असेल तर तिचा दंड बघा. मोठा, खोलगट व्रण दिसेल. ती देवीची लस. आपल्या दंडावरचा छोटा व्रण बहुतेक बीसीजीचा, घोळ करू नका. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ ला, अ‍ॅना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला. फ्रिज नव्हताच. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत टोचत ती बगदाद, बसरामार्गे इथे पोचली. आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

आजीच्या लसीत व्हॅक्सिनिया नावाचा जिवंत विषाणू होता. आजचा प्रश्न असा, की तो पेशीत शिरतो कसा?

पेशीचं नेहमीचं दार म्हणजे पडद्याला पडणारी छोटी पिशवी, साधारण १०० नॅनोमीटरची. व्हॅक्सिनिया ३०० च्या आसपास. मावणारच नाही! पण पेशी पितेसुद्धा. तिचा पडदा लाटेसारखा उठतो, परत दुमडतो आणि बाहेरच्या द्रवाचा मोठा घोट आत येतो. १९३१ मध्ये वॉरन लुईस यांनी पेशींची फिल्म काढून हे पाहिलं आणि नाव दिलं पिनोसायटोसिस. गंमत म्हणजे ग्रीक 'पिनो' आणि आपलं 'पिणं' एकाच मुळातले शब्द. मोठ्या घोटाला म्हणतात मॅक्रोपिनोसायटोसिस.

आता घोटात निवड नसते. दिव्याला सकाळच्या लोकलमध्ये कोण चढलं हे कोण बघतं? पण व्हॅक्सिनिया नुसता गर्दीत घुसत नाही, तो दार उघडायला लावतो. २००८ मध्ये मर्सर आणि हेलेनियस यांनी दाखवलं, की त्याच्या आवरणावर फॉस्फॅटिडिलसेरीन असतं. मेलेल्या पेशी हाच मेद बाहेर दाखवतात. पेशीला वाटतं, कचरा आहे, गिळून टाकू. आमच्या भाषेत, इनपुट तपासलं पण खोटी ओळख पास झाली.

हीच वाट औषधांनाही हवी आहे. एचआयव्हीचं टॅट प्रथिन स्वतःहून पेशीत जातं, हे १९८८ मध्ये कळलं. त्याचा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, औषधाला जोडला की औषधही आत. २००४ मध्ये दिसलं, की तेही या घोटातूनच जातं.

मग अडलं कुठे? आत जाणं म्हणजे पोचणं नव्हे. घोटाचा बुडबुडा हळूहळू आम्लधर्मी होतो, आणि बहुतेक माल त्यातच अडकून पचून जातो. डब्यात चढलात, पण ठाण्याला उतरताच आलं नाही, तसं. विषाणूला उतरणं जमतं, बुडबुड्याच्या भिंतीशी एकजीव होऊन तो निसटतो. म्हणून त्या संशोधकांनी टॅटला फ्लूच्या विषाणूचा एक तुकडा जोडला. सुटका वाढली, पण प्रश्न पूर्ण सुटलेला नाही.

तर आज आजीला विचारा, लस टोचली तेव्हा किती रडलीस? उत्तर मला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!