दर कोणत्या गावचा?

(शाळेच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते गणित शिकवीत. नफा-तोट्याचे उदाहरण फळ्यावर आले की आकडेमोडीला हात घालण्याआधी ते विचारीत, हा दर कोणत्या गावचा? आज मी याच प्रश्नाविषयी बोलणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाने किमती आणि करांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. त्याचे कारण असे की निवृत्तीनंतर मी हैदराबादच्या मराठीतील शब्दांच्या नोंदी करीत आहे. त्या कामासाठी परदेशातील एक सॉफ्टवेअर घ्यावयाचे ठरले. मला येथे एक किंमत दिसली, जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला दुसरी, आणि अमेरिकेतील एका जुन्या विद्यार्थिनीला तिसरी. वस्तू तीच, क्षण तोच. तिला वजन नाही, वाहतूक नाही, वखारभाडे नाही. मग फरक आला कोठून?

आपल्या शहराला हा प्रकार तसा अपरिचित नाही. निजामी राज्यात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार रुपया. कळ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. शंभर कलदारांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै पडत, म्हणजे सहास सात हे प्रमाण. शिवाय राज्याच्या हद्दीवर करोडगिरी, म्हणजे आयात मालावरचे शुल्क. त्यामुळे सोलापूरहून आणलेल्या मालाची किंमत कोणी सांगितली की आमच्या घरातील वडीलधारे दोन प्रश्न विचारीत: हाली की कलदार? आणि करोडगिरी धरून की सोडून? हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय महाग-स्वस्त ठरवणे त्यांना पोरकटपणाचे वाटे. आजच्या तीन किमतींनाही तेच दोन प्रश्न विचारावे लागतात. तिसरा मात्र नवा आहे, त्याकडे मी नंतर येतो.

प्रथम कराचा प्रश्न. कौटिल्याच्या शुल्काध्यक्षाचे घर नगराच्या महाद्वारापाशी असे. व्यापारी कोण, कोठून आला, माल किती, त्यावर मुद्रा कोठे उमटली, हे तेथे लिहून घेत. म्हणजे चौकशी मालाची आणि तो आणणाराची. तारेतून येणाऱ्या मालाला महाद्वार कोठले? १९९८ साली जिनिव्हा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी इलेक्ट्रॉनिक प्रेषणावर सीमाशुल्क न लावण्याची प्रथा चालू ठेवण्याचे ठरविले. पुढे परिषदेमागून परिषदेत तिची मुदत वाढत गेली; २०२४ च्या अबु धाबी येथील परिषदेतही ती वाढवण्यात आली. भारताने या सवलतीस वेळोवेळी हरकत घेतली आहे, आणि ती मला रास्त वाटते. सीमेवर कर नाही म्हटल्यावर सरकारांनी नाका हलवला. तो मालाच्या वाटेवरून उचलून ग्राहकाच्या दारात आणून ठेवला.

युरोपीय संघाने बाहेरच्या विक्रेत्यांवर ही जबाबदारी २००३ मध्ये टाकली. संघातीलच विक्रेते मात्र आपापल्या देशाच्या दराने कर आकारीत राहिले. म्हणून लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशात कंपन्यांनी कार्यालये थाटली. तेथील दर १५ टक्के होता. १ जानेवारी २०१५ पासून ग्राहक जेथे राहतो तेथील दर लागू झाला आणि ती सोय संपली. भारतात परदेशी विक्रेत्याकडून सर्वसामान्य ग्राहकाने घेतलेल्या अशा सेवांवर १ डिसेंबर २०१६ पासून सेवाकर आला आणि १ जुलै २०१७ पासून १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर. हा कर भरण्याची जबाबदारी परदेशी विक्रेत्यावर आहे. त्यांच्या नोंदणीचे काम बंगळूरच्या केंद्रीय कर कार्यालयाकडे सोपवण्यात आले.

ग्राहक भारतातला, हे ठरवायचे कसे? कायद्याने सात खुणा सांगितल्या आहेत: ग्राहकाने दिलेला पत्ता, बिलावरचा पत्ता, कार्ड कोणत्या देशात निघाले, पैसे देणारी बँक कोठली, संगणकाचा इंटरनेटवरील क्रमांक, मोबाइलच्या सिमकार्डाचा देशसंकेत आणि घरच्या टेलिफोनची जागा. परस्परविरोधी नसलेल्या कोणत्याही दोन जुळल्या की पुरे. मला हे कलम वाचताना मोठी गंमत वाटली. कौटिल्याच्या नाक्यावर मुद्रा मालावर पाहत. येथे मुद्रा माणसावर पाहतात.

किमतींची तुलना चुकते ती बहुधा येथेच. अमेरिकेत दुकानाच्या पाटीवरची किंमत विक्रीकर सोडून असते; कर राज्याराज्यागणिक निराळा असून शेवटी चढतो. युरोपात सामान्य ग्राहकास दाखवलेली किंमत कर धरून असते. जर्मनीत १०० युरो दिले, तर १९ टक्के कर वजा जाता विक्रेत्याच्या हाती सुमारे ८४ युरो राहतात. हंगेरीत २७ टक्क्यांमुळे ७९ सुद्धा राहत नाहीत. आपल्याकडे ११८० रुपयांच्या पावतीत कर १८० रुपये असतो. पुष्कळ जण ११८० वर १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे असे उत्तर देतात. गुरुजींनी त्यांना बाकावर उभे केले असते. याखेरीज परकीय चलनात पैसे दिले की बँकही आपले शुल्क लावते, ते वेगळे.

आता तिसरा प्रश्न. कर आणि चलन यांचा हिशेब पुरा करूनही बरेचदा फरक उरतो, आणि तो मोठा असतो. सॉफ्टवेअर तयार करण्याचा खर्च अफाट, पण एकदा तयार झाले की आणखी एक प्रत देण्याचा खर्च जवळजवळ शून्य. म्हणून विक्रेता प्रत्येक बाजाराला तो सोसेल ती किंमत सांगतो. यात दानधर्म नाही. गरीब देशाला मिळणारी कमी किंमत आणि श्रीमंत देशाला पडणारी जास्त किंमत ही एकाच गणिताची दोन उत्तरे आहेत.

श्रीमंत बाजूचे उत्तर ऑस्ट्रेलियात चव्हाट्यावर आले. तेथील संसदीय समितीने मार्च २०१३ मध्ये अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी या कंपन्यांच्या प्रतिनिधींना समन्स काढून बोलावले. ऑस्ट्रेलियाचा वस्तू व सेवा कर १० टक्के. किमतीतले कित्येक फरक त्याच्या अनेक पटींनी अधिक. अडोबीचा एक महागडा संच विमानाने अमेरिकेस जाऊन घेऊन परत आले तरी स्वस्त पडेल, असा हिशेब त्या काळात तेथे सर्वतोमुखी झाला होता. जुलै २०१३ च्या अहवालात समितीने ग्राहकांना या प्रादेशिक भिंती ओलांडण्याच्या कायदेशीर मार्गांची माहिती द्यावी, असेही सुचविले. संसदेच्या समितीने भिंतीवरून उडी मारण्याचे शिक्षण द्या म्हणावे, हे मला फार बोलके वाटते.

पुस्तकांच्या बाबतीत ही भिंत आपल्या परिचयाची आहे. परदेशी पाठ्यपुस्तकाची स्वस्त आवृत्ती आणि तिच्यावर अमुक देशांबाहेर विक्री करू नये अशी सूचना, ही आपण सर्वांनी पाहिली आहे. सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा विद्यार्थी अशी स्वस्त पुस्तके मायदेशातून मागवून अमेरिकेत विकी. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर दावा लावला. १९ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला: कायदेशीर प्रत एकदा विकली की ती कोठेही विकण्यास मोकळी. सॉफ्टवेअरवाले येथेच शहाणे निघाले. ते म्हणतात, आम्ही विकतच नाही, वापरण्याची परवानगी देतो.

‘विकत घेणे’ या आपल्या साध्या क्रियापदाने न्यायालयांना किती घोळात घातले आहे पाहा. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात, म्हणजे आपल्याच राज्याच्या त्या वेळच्या विक्रीकर कायद्याखाली, ५ नोव्हेंबर २००४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ ठरविला. ते तेव्हा तबकडीवर मिळे. आज तेच तारेतून उतरवून घेतले की करापुरती ती ‘सेवा’ होते. २ मार्च २०२१ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की परदेशी कंपनीला अशा प्रतीसाठी दिलेली रक्कम ही स्वामित्वशुल्क नव्हे. ग्राहकाला प्रत मिळते, तिच्या मूळ कृतीचे हक्क मिळत नाहीत. युरोपच्या न्यायालयाने तर ३ जुलै २०१२ रोजी ओरॅकल कंपनीच्या खटल्यात म्हटले होते की कायमच्या वापराचा परवाना किंमत घेऊन दिला तर ती विक्रीच, आणि तो परवाना पुढे विकता येतो. शब्दकोशकाराला यात अर्थच्छटा दिसतात. व्यापाऱ्याला त्याच छटांत कोट्यवधी दिसतात.

माझे मत विचाराल तर मी या भिंतीचा सरसकट शत्रू नाही. बाजूच्या बाकांवर बसलेल्या मुलांपैकी अनेकांना जी साधने परवडतात, ती भारतीय किंमत वेगळी आहे म्हणूनच. ही सवलत किती नाजूक असते हे अर्जेंटिना आणि तुर्कस्तान यांनी अनुभवले. स्टीम या संगणकीय खेळांच्या दुकानात तेथील किमती फार कमी होत्या. बाहेरचे लोक तेथला पत्ता दाखवून खरेदी करीत. त्यातच पेसो आणि लिरा यांची घसरण. चलनाची ही अस्थिरता पुढे करून २० नोव्हेंबर २०२३ पासून त्या दुकानाने दोन्ही देशांत स्थानिक चलन बंद करून डॉलर आणला. अनेक खेळांच्या किमती एका रात्रीत कित्येक पटींनी चढल्या. पत्ता खोटा सांगणारे दुसरीकडे गेले. ब्युनोस आयर्समधला शाळकरी मुलगा कोठे जाणार?

उलट, युरोपीय संघात एकच बाजारपेठ असताना एका देशातला खेळ दुसऱ्या देशात चालू नये अशी कुलपे लावल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये त्याच दुकानाची मालक असलेली व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशक यांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. तो मला योग्य वाटतो. बाजार एक म्हणायचा आणि आत भिंती घालायच्या, हे चालणार नाही.

परदेशी असलेले आपले माजी विद्यार्थी येथील भावंडांना कधीकधी सांगतात, “तुझ्या नावाने भारतीय किमतीत घे आणि मला दे.” त्यांना मी स्पष्ट सांगतो की कायद्याच्या त्या सात खुणांपैकी दोन येथल्या दाखवून त्यांचा खर्च वाचेल खरा, पण ती किंमत त्यांच्यासाठी ठरवलेली नव्हती, आणि उद्या ती उठली तर तिची झळ त्यांना लागणार नाही. मीही माझे सॉफ्टवेअर शेवटी रुपयांतच घेतले. पावतीवर १८ टक्के कर वेगळा दाखवला होता, विक्रेत्याचा नोंदणी क्रमांकही होता. शाळेच्या संगणककक्षासाठी खरेदी होईल तेव्हा कार्यालयाने या दोन नोंदी पावतीवर पाहून घ्याव्यात. नसतील तर विक्रेत्याला पत्र लिहून मागाव्यात.